बरबड्याची भाकरी

"आजींना खुर्ची नको. खाली चुलीपाशीच बसवा. फोटो चांगले येतात."

मॅडम हे मंडपवाल्याला सांगत होत्या. आजी म्हणजे माझी आई. ती शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं आणि कुणी सांगायच्या आत मातीत बसली.

सोलापुरात विद्यापीठाच्या आवारात देशी अन्नावर कार्यक्रम होता. मी तिथली विद्यार्थिनी. सत्तेचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला नाव घातलेलं. त्याआधी निम्मं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवल्या, पोरींची लग्नं केली, घरी बसून बी.ए. झाले. मग इथं आले. विषय घेतला आमच्या सांगोल्याकडच्या दुष्काळी गावांचं अन्न. जिथं पीक हाती लागत नाही, तिथली माणसं जगली कशावर, हे मला शिकायचं होतं. मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्या म्हणाल्या होत्या, आईला आणा, स्टेजवर बोलतील. येताना बरबड्याचं पीठ आणा.

बरबडा म्हणजे रानात माजणारं तण. त्याच्या बियांची भाकरी काळी होते, घशाखाली उतरत नाही. आई आधी नकोच म्हणाली. का, ते सांगितलं नाही. पण लेकीच्या शिक्षणाचं काम म्हणून बी गोळा केलं, दळलं, फडक्यात बांधून आणलं.

तिनं भाकरी थापली. धुरानं डोळे गळत होते. लोक मोबाइल धरून भोवती वाकले. पाहुण्यांनी चिमूटभर तुकडा मोडला, तोंडात घोळवला, मान डोलावली. मॅडमनी माइक आईच्या तोंडापुढं धरला आणि विचारलं, ही भाकरी खाल्ली म्हणूनच तुम्ही इतक्या काटक राहिलात ना?

आईनं माइककडं बघितलं. मग मॅडमकडं.

"काटक कुटलं, बाई. बहात्तरच्या दुष्काळात हीच खात हुते. माजं दूध आटलं. थोरली पोरगी गेली त्यात."

मला थोरली बहीण होती. हे मला तेव्हा कळलं. माइकवरनं. सगळ्यांबरोबर.

एकदोघांनी मोबाइल खाली घेतले. मॅडमनी माइक काढून घेतला. हसल्या.

"आजी, दुःखाचं नको. फायद्याचं सांगा. लोकांना आता जेवायचंय."

आणि माझ्या आईनं पिठानं भरलेले हात जोडले.

"चुकलं, बाई."

लेकरू मेलं, ते बोलली, म्हणून ती माफी मागत होती.

मी आजवर पुष्कळ ऐकून घेतलंय. विद्यापीठात पहिल्या दिवशी शिपायानं मला झाडायला आलेली बाई समजून मागच्या दारानं जायला सांगितलं होतं. तेही मी हसण्यावारी नेलं. ह्या वेळी नाही. मी पुढं झाले. तव्यावरची भाकरी उतरवली. आईचे जोडलेले हात सोडवले आणि तिला उठवलं. मॅडम जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, कार्यक्रम बिघडवू नका, तुमचे मार्क माझ्या हातात आहेत.

मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माझ्या आईचं काही चुकलेलं नाही. ती आता भाकरी करणार नाही."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा मागं मॅडम पुढच्या पदार्थाची माहिती सांगत होत्या.

सांगोल्याच्या एसटीत आई खिडकीशी बसली. मी विचारलं, नाव काय होतं तिचं?

"ठिवायचं ऱ्हायलं. बारशाला घरात दाणा नव्हता."

मंगळवेढा मागं पडल्यावर ती आपणहून बोलली. गावात जोंधळा होता, म्हणाली. एका वाड्यात कणग्या भरलेल्या होत्या. लेकराला पदराखाली घेऊन ती मागायला गेली. मेंढरं राखणाऱ्यांची सून, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"आतनं कडी लावून घेतली. मी लई वेळ उभी हुते."

त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. सोलापूरला यायचं नाव काढत नाही. फोनवर एवढंच विचारते, बाई रागावल्यात का गं अजून? काय सांगू तिला? मी फोन ठेवते आणि रडते.

पुढं मी प्रबंधात बहिणीचं लिहिलं. ते वाचून मॅडमनी बोलावलं. बहिणीचं काढून टाका, म्हणाल्या, ते भावनिक आहे, अभ्यासात बसत नाही. बरबड्याच्या पोषणावर लिहा, मी सही करते. मी नाही म्हणाले. सहीशिवाय खाली उतरले. माझं वर्ष जाईल. जाऊ दे. दुसरा मार्गदर्शक मिळेपर्यंत कडा शिवीन.

पण लिहीन. दुष्काळात गरिबांनी काय खाल्लं, हे विचारणारे आता पुष्कळ झालेत. मी गावोगाव जाऊन दुसरंच विचारणार आहे. तेव्हा जोंधळा कुणाच्या घरात होता, आणि आतनं कडी कुणी लावली. नावासकट.