मँचेस्टर: दोन डबे

मँचेस्टर किती लांब आहे, असे लॉरीकाकांना विचारले की ते म्हणत, "दोन डबे." ग्लासगो पाच डबे. डोव्हर एकच, तोही ट्रॅफिक लागला नाही तर. मैलांत किंवा तासांत अंतर सांगितलेले मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. तुमच्या बाबाने लहानपणी भूगोलाच्या गृहपाठात 'लीड्स: तीन डबे' असे लिहिले होते, आणि शाळेतून मला चिठ्ठी आली होती.

तुम्ही दोघांनी काकांना एकदाच पाहिले आहे, तेही रांगत असताना. म्हणून नीट लिहून ठेवते. साउथहॅम्प्टनमध्ये ते आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. तुमचे आजोबा हॉस्पिटलात डॉक्टर, मी तिथेच रेकॉर्ड्स विभागात, आणि काका बंदरातून कंटेनर घेऊन देशभर जाणारे. अंगाने इतके किरकोळ की सीटवर दोन उशा घेऊन बसत. समोरून पाहणाऱ्याला वाटे, लॉरी आपली आपणच चालली आहे.

आठवड्यातल्या तीन रात्री ते लॉरीतच झोपत. त्यामुळे रविवारची दुपार शैलाकाकूची असे. शैला म्हणजे त्यांची बायको. दशम्या, मेथीचे पराठे, कोरडी झुणका-भाकरी, दह्यातली मिरची असे सगळे करून ती डब्यांना पट्ट्या चिकटवायची: 'सोमवार रात्र', 'मंगळवार दुपार'. रेकॉर्ड्स विभागातल्या माझ्या फायलींनासुद्धा इतकी शिस्त नव्हती. काकांच्या सीटमागच्या छोट्या फ्रिजमध्ये ते डबे ओळीने बसत, आणि काका ते ओळीनेच उघडत. एकदा बर्फामुळे मोटरवे सात तास बंद पडला. मागच्या लॉरीत त्यांच्या डेपोतला डेरेक होता, उपाशी. काकांनी त्याला 'गुरुवार दुपार' देऊन टाकली. तेव्हापासून दर सोमवारी डेरेकचा पहिला प्रश्न, "शैलाने काय दिलंय आज?"

याच डेरेकने त्यांना एके दिवशी सांगितले की घराबाहेर रात्री काढणाऱ्या ड्रायव्हरला जेवणखर्चावर टॅक्समध्ये सवलत मिळते, मालक तो खर्च देत नसला तर. डेपोच्या कँटीनमध्ये टॅक्सचे फॉर्म भरून देणारा एक एजंट येऊन बसत असे. त्याने विचारले, आठवड्यात किती रात्री बाहेर? काका म्हणाले, तीन. एजंटने बाकीचा फॉर्म स्वतःच भरला, काकांनी सही केली, आणि दोन महिन्यांत चार वर्षांचा परतावा बँकेत जमा झाला. काका पेढे घेऊन आमच्याकडे आले. "वहिनी, रात्री लॉरीत झोपतो म्हणून सरकार बक्षीस देतं. काय देश आहे!"

मी तेव्हा फॉर्म पाहायला मागितला नाही, ही माझी चूक.

त्या पैशांतून शैलाचे तिकीट निघाले. तिची थोरली बहीण वाईला अंथरुणाला खिळून होती, आणि नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती. शैलाने फोनवर तारीख सांगून टाकली. तिकडे बहिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल करून घेतला. आणि जायला तीन आठवडे राहिले असताना टॅक्स ऑफिसचे पत्र आले: जेवणाच्या पावत्या पाठवा.

काका पत्र घेऊन आले ते घाम पुसतच. एजंटचा फोन लागत नव्हता. मी चष्मा लावून नियम वाचला आणि मग विचारले, "काका, या चार वर्षांत रस्त्यावर विकत घेऊन काय काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि?"

"आणखी चहा. जेवण शैलाचं असतं ना, वहिनी."

"नियम असा आहे की वाटेत विकत घेतलेलं जेवण धरतात. घरून नेलेला डबा धरत नाहीत."

काकांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे उपास काढला असता तरी चालला नसता, आणि पोटभर जेवलो तेही चालत नाही."

पैसे परत करायचे म्हणजे तिकीट रद्द करायचे, हे त्यांना न सांगता कळले होते. शैलाला काय सांगायचे, ते मात्र कुणालाच कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी डेपोत डेरेक काकांसमोर पिशवी घेऊन हजर. वर्षानुवर्षे त्याने दर जेवणाची पावती राखली होती आणि स्वतः सवलतीची मागणी कधी केलीच नव्हती. "घे या. माझ्या काय कामाच्या? नाव कुठे लिहिलेलं असतं यांच्यावर!" संध्याकाळी काकांनी ती पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. बेकन रोल. सॉसेज अँड चिप्स. स्टेक पाय. काका जन्मापासून शाकाहारी, अंडेसुद्धा न खाणारे. आम्ही दोघेही हसत सुटलो.

हसू ओसरल्यावर मी काय केले, ते तुम्हाला खरे सांगते. मी त्यातल्या चीज सँडविचच्या आणि बेक्ड पोटॅटोच्या पावत्या वेगळ्या काढायला लागले. तारखेप्रमाणे. शैलाने बहिणीसाठी घेतलेली गरम शाल मला दोन दिवसांपूर्वीच दाखवली होती, आणि माझे हात आपोआप चालत होते. चांगला बोटभर गठ्ठा झाला. काकांनी माझ्यासमोरून तो अलगद उचलला.

"वहिनी, हे डेरेकनं खाल्लंय. माझ्या पोटात शैलाची भाकरी होती. असं लिहून दिलं तर चार वर्षं दर रविवारी ती ओट्यापाशी उभी होती, ते कशासाठी म्हणायचं?"

मला इतकी लाज वाटली की मी उठून चहा टाकला.

शैलाला त्यांनी स्वतःच सांगितले. ती रडेल असे मला वाटले होते. ती चिडली, पण वेगळ्याच गोष्टीवर. "अहो, तुम्ही चार वर्षं बाहेरचं खाता, असं सरकारदरबारी लिहून दिलंत? आणि माझं नाव काय राहिलं?" मग ती माझ्यासमोर येऊन बसली. "ताई, पत्र तुम्ही लिहा. एकही दिवस उपाशी धाडलेला नाही, हे त्यात आलं पाहिजे. आणि माझ्या जाण्याचं बघू पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी तुझी बहीण…" मी म्हणू लागले. तिने कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

मी पत्र लिहिले. चूक सरळ कबूल केली, शैलाच्या आग्रहाखातर एका आठवड्याच्या डब्यांची यादी जोडली, आणि शेवटी विचारले की रक्कम हप्त्याहप्त्याने फेडली तर चालेल का. हा शेवटचा प्रश्न माझ्याशिवाय कुणाला सुचला नव्हता, कारण काकांच्या मते घेतलेले परत करायचे म्हणजे एकरकमी, मान खाली घालून. आठ दिवसांनी टॅक्स ऑफिसमधून एका बाईंचा फोन आला. दरमहा थोडे थोडे दिले तरी चालेल, म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "झुणका म्हणजे नक्की काय?" काकांनी दहा मिनिटे सांगितले. त्या बाईंनी दहा मिनिटे ऐकले.

शैला ठरल्या दिवशी वाईला गेली. सहा आठवडे बहिणीच्या उशाशी राहिली, तिची वेणी घातली, भांडली, पत्ते खेळली. बहीण त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास गेली, तेव्हा शैला मला एवढेच म्हणाली, "भेटून आले होते मी."

इकडे काकांवर सहा आठवडे रस्त्यावरचे खायची पाळी आली. आम्ही डबा देऊ केला तर नको म्हणाले. "शैलाचा नाही तर कुणाचाच नाही." बायको परतल्यावर ते माझ्याकडे पावत्यांची चळत घेऊन आले. सवलतीची ही मागणी आता अगदी रीतसर होती: खरा प्रवास, खरे जेवण, खरे पैसे. मी कागद उलटे करून पाहिले, तर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने शेरा. 'चिप्स थंड.' 'मीठ नाही.' 'याला हे लोक करी म्हणतात.' 'बरं होतं, पण शैलाला सांगू नये.' शैला माझ्या शेजारी बसून एकेक मोठ्याने वाचत होती आणि डोळे पुसत होती, आणि त्या चौथ्या शेऱ्यावर तिने काकांना पाठीत धपाटा घातला.

गेल्या महिन्यात दोघे मिल्टन कीन्सला लेकीकडे राहायला गेले. सामान बांधायला मी मदत केली. मी टेबल आवरते, फॉर्म भरते, फायली लावते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कोरी जागा दिसली की तिथे सोयीचे काही लिहावे, असा मोह मला अजून होतो, आणि तेव्हा गठ्ठा उचलणारा तो हात दिसतो.

त्या सहा आठवड्यांच्या मागणीबरोबरच्या कागदावर शेवटी एक रिकामी चौकट होती: आणखी काही कळवायचे असल्यास. मी काकांना विचारले, "हा खर्च सहाच आठवडे झाला, पुढे एकदम बंद. टॅक्सवाले विचारतील, असं का. काय लिहू?"

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. तिथे शैला सोमवारच्या पट्ट्या कापत होती.

"लिहा," ते म्हणाले, "बायको परत आली."

मी तेवढेच लिहिले. त्यावर टॅक्स ऑफिसने एकही प्रश्न विचारला नाही.