कॅमेरे उभे की आडवे

नव्या फोनच्या पाठीवर कॅमेरे उभे येणार की आडवे, ह्यावरून दोन शहाणीसुरती माणसं अर्धं वर्ष भांडू शकतात असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. आमच्या घरात ते दरवर्षी व्हायचं. एक आमचे हे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. दुसरा आमचा एकुलता एक मुलगा, कॅनडात नोकरीला. आणि मधे मी, कुकरकडे एक कान ठेवून दुसऱ्या कानाने ऐकणारी.

आम्ही मूळचे अमरावतीचे. बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा दोन-तीन वर्षांत परत जाऊ असंच वाटलं होतं. कसलं काय! मुलगा इथेच शिकला, जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला आणि राहूनच गेलो. मुलाचं मराठी इथल्या हवेत वाढलं. "बाबा, मतलब, मला असं वाटते की" अशी त्याची सुरुवात व्हायची आणि ह्यांच्या कपाळावर आठी पडायची. नोकरी, लग्न, परत येणं, कुठलाही विषय काढा, पाचव्या मिनिटाला बाप लाल आणि मुलगा गप्प. बिनभांडणाचा म्हणावा असा एकच विषय उरला होता, तो म्हणजे हा फोन. म्हणजे भांडण त्यातही होतंच, पण हसून.

फोन बाजारात यायच्या कितीतरी महिने आधी त्याची चित्रं फुटतात, हे मला ह्या दोघांमुळे कळलं. कुणी म्हणे कारखान्यातला फोटो, कुणी म्हणे कव्हरवाल्यांना मिळालेलं माप. त्यावरून कडा गोल असतील की चपट्या, पाठ काचेची की धातूची, हे अंदाज बांधत बसायचं. बरं, घेणार आहेत का तो फोन? छे! ह्यांच्या स्वतःच्या फोनची काच तडकलेली, तिच्यावर चिकटपट्टी. मी म्हणायची, "लग्न लोकाचं आणि नाचतं कोण, तर आमच्या घरचे!"

ह्यांना त्यात गोडी वाटायची त्याचं कारण त्यांचं काम. सगळी नोकरी क्लेम तपासण्यात गेली. ठोकलेल्या गाड्या, जळलेली गोदामं, सगळ्यांचे फोटो टेबलावर यायचे, आणि त्यातला खोटा फोटो हे नुसत्या नजरेने बाजूला काढायचे. सावली एकीकडे, ऊन दुसरीकडे, की झालं, क्लेम परत. निवृत्त झाल्यावर ती नजर ठेवायची कुठे? मग मुलाने पाठवलेले फोनचे फोटो तपासायचे. "हा बनवलेला आहे, फेकून दे," असं म्हणताना ते इतके खूश दिसायचे की मला हसू यायचं.

दोघांचा एक नियम होता. प्रत्येकाने आपला अंदाज आधी सांगायचा आणि फोन आला की ज्याचा चुकला त्याने स्वतःच्या तोंडाने "हरलो" म्हणायचं. सूट नाही, सबब नाही. हा नियम जुना, कॅरमच्या काळातला. मुलगा लहान होता तेव्हा हे त्याला धडाधड हरवायचे आणि तो पोरगा रडवेला होऊन "हरलो" म्हणायचा. मी चिडायची. "अहो, लेकरू आहे ते! एकदा मुद्दाम हराल तर काय अंगाला भोकं पडतील?" हे म्हणायचे, "ज्याला आपण मुद्दाम जिंकवतो ना, त्याला आपण माणसात धरत नाही." पुढे नववीत मुलाने ह्यांना पहिल्यांदा खरोखर हरवलं. हे उठून उभे राहिले, "हरलो बुवा" म्हणाले आणि सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून आले.

मागच्या संक्रांतीला, सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत होतं तेव्हा, हे अंघोळ करून आले आणि पलंगाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण बोलणं गेलं. डोक्यात सगळं जागच्या जागी, समजत सगळं होतं, फक्त शब्द तोंडापर्यंत यायचा नाही. चहा हवा की पाणी, तेही बोट दाखवून. दिवसभर सूचना देत हिंडणारा माणूस असा गप्प बसलेला बघणं म्हणजे काय असतं ते माझं मला माहीत.

मुलगा धावत आला, महिनाभर राहिला, रजा संपली तसा गेला. मग रोज सकाळी व्हिडिओ कॉल. आमची सकाळ, त्याची रात्र. काय बोलणार? "बाबा, कसं वाटते?" हे मान हलवायचे. "औषध घेतलं?" मान. दोघं एकमेकांकडे बघत बसायचे आणि मी मधेच उगाच भाजीचे भाव सांगायची. एक दिवस त्यालाच सुचेना म्हणून की काय, तो म्हणाला, "बाबा, नवीन फोनची चित्रं आली. ह्या वेळी कॅमेरे आडवे आहेत म्हणतात, पूर्ण पाठीवर एक पट्टी." आणि ह्यांचे डोळे असे काही उघडले की मी हातातला पोळीचा घास खाली ठेवला.

मी पाटी आणून दिली. डाव्या हाताने, वेडीवाकडी, पण काढलीच त्यांनी: एक चौकोन आणि कोपऱ्यात एकाखाली एक गोल. म्हणजे उभे! मुलगा ओरडला, "नाही बाबा, आडवे! लावता का पैज?" ह्यांनी डावी मूठ पलंगावर आपटली. पैज लागली. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली, खोटं कशाला सांगू.

बोलणं शिकवायला प्रताप नगरहून एक मॅडम स्कूटीवर यायच्या. त्या म्हणाल्या, "आंटीजी, इनको जो शब्द बोलने का मन है, वो ढूँढिए." मी राम म्हणून बघितलं, मुलाचं नाव घेऊन बघितलं, माझंही घेतलं. काही नाही. एकदा मुलाने आणखी चित्रं पाठवली, सगळी आडव्याच्या बाजूची. हे बराच वेळ बघत बसले आणि त्यांच्या तोंडून आलं, "ह." परत, "ह... ह..." मला उमगेना. मग त्यांनी पाटीवरच्या आपल्या चौकोनावर फुली मारली आणि छातीला हात लावला. हरलो! पैज हातची जाणार हे दिसायला लागलं होतं आणि फोन येईल त्या दिवशी ह्यांना "हरलो" म्हणता यायला हवं होतं.

"बाप्पा! शिकायला हाच शब्द सापडला का तुम्हाला?" मी म्हटलं. "शुभ बोला ना काहीतरी!" पण ते ऐकतात होय? सकाळी देवपूजा झाली की मी समोर स्टूल घेऊन बसायची. आधी "ह", मग कधीतरी "हर", घाम फुटायचा बिचाऱ्यांना. उन्हाळाभर आमचं हेच चाललं. कूलरच्या आवाजात मी ओरडून म्हणायची "हरलो", आणि ते तोंड वाकडं करत जोर लावायचे. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, ह्या घरात रोज काहीतरी बुडतंय. मुलाला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला बजावलं होतं. त्याला चकित करायचं होतं.

त्याच उन्हाळ्यात मुलाने एक फोटो पाठवला. त्यात कॅमेरे उभे! "बाबा, तुमच्या बाजूचा पुरावा!" मला तर आनंदच झाला. ह्यांनी चष्मा मागितला, फोटो मोठा करायला लावला आणि कॅमेऱ्याच्या सावलीवर बोट ठेवलं. मग फोनच्या सावलीवर. एक डावीकडे, एक उजवीकडे. मान हलवली. खोटा. स्वतःच्या बाजूचा असला म्हणून काय झालं! मुलगा हसून म्हणाला, "हो बाबा, बनवलेलाच आहे. मानलं तुम्हाला." तेव्हा हे असे ऐटीत टेकून बसले जणू परत ऑफिसच्या खुर्चीत बसलेत.

पावसाळा सरता सरता शब्द आला. तुटका, ओढलेला, पण ओळखू येईल असा. "हर-लो." मी उठून त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडले. इतक्या महिन्यांतला पहिला अख्खा शब्द होता तो, आणि मुलासाठी राखून ठेवलेला.

गणपती होऊन गेले आणि तो फोन एकदाचा जाहीर झाला. सकाळी ह्यांनी दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा घालायला लावला. उशांना टेकून ताठ बसले. मी फोन स्टँडवर लावला. मुलाचा चेहरा आला आणि तो टाळ्या वाजवायलाच लागला. "बाबा! तुम्ही जिंकलात! उभेच आहेत! हे बघा!" आणि त्याने पडद्यावर फोटो धरला.

तोच फोटो. दोन बाजूंना सावल्या पडलेला.

मला तेव्हा ते कळलं नाही, मी आपली टाळ्या वाजवत होते. ह्यांनी फोटो बघितला. अर्ध्या तोंडाने हसले. डाव्या हाताचा अंगठा वर केला. "हरलो बाबा, मी हरलो!" मुलगा हसत म्हणत होता. कॉल संपला तसं ह्यांनी टेबलाकडे बोट केलं. मी पेपर उघडून दिला. आतल्या पानावर त्या फोनचं चित्र होतं. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी पट्टी. त्यांनी ते बघितलं, पेपर माझ्याकडे सरकवला आणि ते रडायला लागले. आजारी पडल्यापासून इतकं सगळं झालं, डोळ्यांतून थेंब काढला नव्हता ह्या माणसाने. आणि आता पोटातून आवाज काढून रडत होते, सदरा भिजला. "काहून रडता, फोनच आहे ना मेला," असं मी म्हणत होते, पण मला कळून चुकलं होतं. बापाला आता आठवत नसेल, समजत नसेल, म्हणून पोराने आपल्याच बापापुढे खोटा क्लेम टाकला होता.

माझं डोकं असं फिरलं! गॅलरीत जाऊन मी मुलाला फोन लावला. "लाज नाही वाटली? ज्या माणसाने तो फोटो स्वतः खोटा ठरवला, त्यालाच तो दाखवतोस?"

तो गडबडला. "आई, मला वाटलं ते विसरले असतील. मतलब, त्यांना आनंद व्हावा म्हणून... ते इतके आजारी आहेत. मी त्यांना हरवू कसा?"

"हरव!" मी ओरडले. "तुझ्या बापाला हरव! उन्हाळ्यापासून तो एक शब्द शिकत होता तुझ्यासाठी!" आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. पलीकडे पोरगा हुंदके देत होता. मलाही रडू फुटलं. शेजारीण कपडे वाळत घालता घालता थांबून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉल केला. डोळे सुजलेले. हात जोडून म्हणाला, "बाबा, मी खोटं बोललो. आडवे आहेत. तुम्ही हरलात." मी आणि मुलगा, दोघंही त्या शब्दाची वाट बघत होतो. हे त्याच्याकडे बघत होते. ओठ थोडे हलले, मला वाटलं, आला शब्द. मग मुलगा हळूच, समजावल्यासारखं म्हणाला, "म्हणा ना बाबा. ह... हर... म्हणा. तुम्हाला येते."

ओठ मिटले. बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसा बोलला तो, त्याच्या मनात माया होती हे मला कळत होतं, ह्यांनाही कळलं असेल. पण ओठ मिटले ते मिटलेच. अंगठा मात्र वर केला, हसून.

त्यानंतर ह्यांचं बोलणं सुधारत गेलं, हीच तर गंमत. "पाणी" आलं, "चहा" आला, "नको" तर फारच लवकर आला. खाली भाजीवाला आला की गॅलरीतून "भैया" अशी हाक मारतात. मॅडम म्हणतात, अंकलजी छान प्रगती करतायत. पण मुलाचा कॉल आला की तोंडाला कुलूप. अंगठा वर, अर्धं हसू, संपलं. राग आहे म्हणावं तर तसंही नाही. त्याचा चेहरा दिसला की डोळे भरून बघतात. फक्त त्याच्यासमोर अडखळत बोलायचं नाही, असं ठरवून टाकलंय त्यांनी. मी विनवलं, भांडले, एक दिवस जेवले नाही. हूं नाही की चूं नाही. मुलाला मी सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू, की तुझे बाबा बोलतात, फक्त तुझ्याशी नाही?

पुढच्या फोनची चित्रं यायला लागलीत म्हणे. परवा तो स्क्रीनवर एकेक दाखवत होता, रंग कुठला असेल, कडा कशा असतील. हे अंगठा वर करत होते. पाटी मी जवळच ठेवली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. शेवटी मुलगा मला म्हणाला, "आई, बाबांचं बोलणं काही सुधारत नाही ना?" मी म्हटलं, "येईल, हळूहळू येईल." त्याने मान खाली घातली. मग आम्ही फोन बंद केला.

पडदा काळा झाल्यावर हे माझ्याकडे वळले. सावकाश, पण एकेक शब्द स्वच्छ, म्हणाले, "जेवला का तो?"

"त्यालाच विचारायचं होतंत ना!" मी म्हटलं.