विंगेतला खोकला

नाटक कंपनीतल्या प्रॉम्प्टरबाईंना प्रेक्षकांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि बाईंना त्याचाच मोठा अभिमान. उजव्या विंगेत, पडद्याआड, एका बुटक्या स्टुलावर बसून त्या नटांना विसरलेले शब्द पुरवायच्या. तेही असे, की नटाच्या कानात पडावेत आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला चाहूलही लागू नये. सोपं वाटतं? करून बघा एकदा घरी!

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कंपनीचे नायक. लोक त्यांना नटवर्य म्हणत, आणि तेही स्वतःला तसंच समजत. पाठांतराच्या नावानं मात्र आनंद. अर्धं नाटक बाईंच्या जिवावर रेटायचे आणि बाहेर छाती फुगवून सांगायचे, "आपल्याला बुवा प्रॉम्प्टर लागत नाही." बाईंच्या ते जिव्हारी लागायचं. पण त्या गप्प बसायच्या, कारण विंगेतली ती जागा त्यांना जिवापाड प्रिय होती.

सगळी भानगड सुरू झाली गुडघ्यापासून. त्या मेल्या स्टुलावर बसून बसून उजवा गुडघा असा धरायचा, की उठताना आई आठवायची. जाऊबाईंनी लगेच आपल्या डब्यातली गोळी काढली. "घ्या हो, मला तर घेतल्या घेतल्या उतार पडला." गुडघा गप्प झाला, बाई खूश. मग काय, रोज सकाळ-संध्याकाळ गोळी. पुढे डोकं जड वाटायला लागलं म्हणून दवाखान्यात गेल्या, तर रक्तदाब वाढलेला. "दुसरं काही औषध चालू आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "छे हो!" बाई बिनदिक्कत म्हणाल्या. घरच्या माणसानं दिलेलं ते काय औषध असतं?

रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि काही दिवसांत घशात ढास आली. ना कफ, ना ताप, नुसता कोरडा, चिवट खोकला. बाईंनी आपल्याच मनानं दुकानातून खोकल्याचं औषध आणलं. खोकला जागचा हलला नाही, बाई मात्र पेंगायला लागल्या. एकदा तर विंगेत चक्क घोरल्या.

पण खरा घोटाळा झाला तो सेनापतीच्या प्रवेशात. नटवर्यांची सवय अशी, की विंगेतून येईल ते जसंच्या तसं म्हणायचं, डोक्याला ताप द्यायचा नाही. तलवार उपसून गरजले, "जा, शत्रूला सांग..." आणि गाडी अडली. कान विंगेकडे. विंगेतून आलं, "खॉक, खॉक."

नटवर्यांनी छाती पुढे काढली आणि भरदार आवाजात म्हणाले, "खॉक! खॉक!"

समोरचा निरोप्या गडबडला. "असंच सांगू का, सरकार?"

लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मॅनेजरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "रविवारचा प्रयोग हाऊसफुल्ल आहे. तोवर खोकला गेला तर ठीक, नाहीतर विंगेत मी बसेन. कायमचा!"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत कोंबून त्यांनी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि एक पाकीट उचललं.

"ही गोळी कुणाची?"

"जावेची."

"मग जावेच्याच पोटात जाऊ दे की!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, या गोळीनं दुखणं थांबतं, पण रोज घेतली तर रक्तदाब वाढू शकतो. तुमचा त्यानंच वाढला असणार. त्यावर मी गोळी दिली, त्या गोळीनं काही जणांना असा खोकला होतो. खोकल्यावर तुम्ही जे प्यायलात, त्यानं झोप येते."

"म्हणजे मी गुडघ्यामुळे खोकतेय?"

"जवळजवळ तसंच. जावेची गोळी आणि हे खोकल्याचं औषध आजच बंद. रक्तदाबाची मी बदलून देते, ती मनानं सोडायची नाही. गुडघ्याला शेक द्या, व्यायाम दाखवते तो करा, आणि उंच खुर्ची घ्या. यापुढे मला काही लपवायचं नाही. जावेनं दिलेलंसुद्धा."

"आणि खोकला? रविवारपर्यंत जाईल ना हो?"

"जाईल, पण काही आठवडे घेईल."

बाईंना तिथेच रडू फुटलं.

रविवारी विंगेत मॅनेजर बसले, हातात संहिता, बॅटरी आणि चेहऱ्यावर भलताच रुबाब. बाई मेकअपच्या खोलीत दार लावून, तोंडावर पदर दाबून खोकत होत्या. पहिला अंक कसाबसा निभावला. दुसऱ्यात सेनापती बोलता बोलता थबकले. कुठे अडलेत, ते बाईंना भिंतीपलीकडूनही कळलं. पुढचं वाक्य त्यांच्या ओठावर आलंसुद्धा. मॅनेजरांनी ते इतक्या मोठ्यानं सांगितलं, की मागच्या रांगांतही खसखस पिकली. नटवर्यांनी ते घेतलं नाही.

"बाई कुठे आहेत?" त्यांचा आवाज आला.

मग ते प्रेक्षकांकडे वळले.

"त्यांना बोलवा. मला पुढचं येत नाही. खरं सांगायचं तर मला कधीच येत नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही टाळ्या मला दिल्यात, पण शब्द त्या देत आल्यात."

बाई दुखरा गुडघा ओढत धावल्या. मॅनेजर मुकाट्यानं उठले. बाई बसल्या, डोळे पुसले, आणि बोलायला तोंड उघडलं तर जी ढास लागली म्हणता! सगळ्या थिएटरला ऐकू गेली. कुणी हसलं नाही.

नटवर्य तलवार खाली करून, विंगेकडे तोंड करून उभे होते. "सावकाश," ते म्हणाले, आणि बाईंचा खोकला थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.