भैयाने नेलेली घागर

फिल्टरवाला भैया चपला काढायचा त्या बरोबर उंबऱ्यावर. दार लावायची सोयच नाही. महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत त्याला हाकलणं कुणाला जमलं नव्हतं.

"दीदी, खरीदना नहीं है, बस अपना पानी देख लो," हे त्याचं पालुपद. सगळं जबलपूर मला माताजी म्हणत असताना हा दीदी म्हणाला, तिथेच मी अर्धी गारद.

मग त्याने दोन ग्लास मांडले. एकात आमच्या घागरीतलं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. वायर जोडलेल्या लोखंडी कांड्या बुडवल्या. आमचं पाणी दोन मिनिटांत गढूळ तांबडं, त्याचं स्वच्छ! "साहब ये पी रहे हैं?" त्याने कपाळाला हात लावला.

आता ऐका. मी तीस वर्षं नववीला विज्ञान शिकवलं. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि लोखंडच गंजून उतरतं, हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं. पण त्या दिवशी बाई बाकावर बसल्या होत्या, तोंड उघडं टाकून.

"ताँबे में कीटाणु पलते हैं, एक्सचेंज में दे दो," म्हणत त्याने फिल्टर बसवला आणि घागरही नेली. सासूबाईंनी नागपूरहून मांडीवर धरून आणलेली घागर.

"काहून दिली? आईची होती ना ती!" हे म्हणाले, आणि पाणी प्यायला शेजारी जाऊ लागले. घरात माझ्याशी बोलणं बंद.

फोन केला तर भैया म्हणे, "गोदाम में जमा हो गई." पुढच्या आठवड्यात, "गल गई, दीदी." म्हणजे वितळवून टाकली!

शेवटी पावतीवरचा पत्ता शोधत बड़ा फुहारा बाजारामागच्या गल्लीत गेले. त्याची म्हातारी आई दारात. आत तिवईवर आमची घागर, चिंचेने लख्ख घासलेली!

"पानी पियो, बेटी. लड़का फिल्टर का पीने ही नहीं देता."

मी दोन पेले प्याले, मग घागर रिकामी करून कमरेवर घेतली. म्हातारीला कारण सांगत होते तेवढ्यात भैया उगवला. लाजेल? छे! घागर माझ्या हातून घेऊन त्यानेच ऑटोत ठेवली, वर म्हणाला, "सँभाल के, दीदी. और हाँ, फिल्टर की सर्विसिंग आ गई है."

आणि मी, मठ्ठ बाई, विचारलं, "कब आओगे?"