सुट्टी संपेपर्यंत थांबलेल्या लक्षीबाई

भाद्रपदातला रविवार, सकाळ. ठिकाण: बोईसरच्या पुढे डोंगराकडचा पाडा, लक्षीबाईंचं अंगण. हजर: त्यांचा नवरा बारकू, मुलगी सोनी, शेजारीण जेठी, पाड्यावरची बाकी माणसं, आमचे वकीलसाहेब आणि मी. शिवाय, कुणी न बोलावता, शाळा चालवणाऱ्या संस्थेचे एक सदस्य. लक्षीबाई होत्या तोवर ते या वाटेला कधी फिरकले नव्हते. आता दुखवट्याला आले, चहा घेतला, कोण कोण बसलंय ते नजरेने टिपलं आणि गेले. का आले, ते मला अजून कळलेलं नाही.

मी पालघरला वकिलांच्या ऑफिसात काम करते. कागद, तारखा, कुणाला कधी फोन करायचा, हे सगळं माझ्याकडे. लक्षीबाई पहिल्यांदा आल्या त्या सोनीला घेऊन. शाळेत पाड्यावरच्या मुलांची तुकडी वेगळी होती, मागच्या पत्र्याच्या खोलीत. या मुलांची बोली निराळी, त्यांना सावकाश शिकवावं लागतं, असं शाळेचं म्हणणं. सोनीने माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून घडाघडा वाचून दाखवलं. तरी ती मागेच, आणि पाड्यावरचं एकही मूल पुढच्या इमारतीत नाही. हायकोर्टात याचिका करायचं ठरलं. प्रतिज्ञापत्र मी लक्षीबाईंना वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं नाही, कागद घेतला आणि जिना उतरून गेल्या... खिडकीतून पाहते तर रिक्षा स्टँडवर एका अनोळखी रिक्षावाल्याला तो वाचायला लावलेला. वर येऊन म्हणाल्या, "जुलला. आन पेन."

"माझ्यावर भरवसा नव्हता?"

"तू चिंचनीची वाडीवाली. तुज्यावर कशाला ठेवू?"

माहेर माझं चिंचणीचंच, चिकूच्या वाडीतलं, जिथे पाड्यावरची माणसं मजुरीला येत. राग आला होता, तरी पेन दिलं.

पुढे कोर्टाने शिक्षण विभागाला पाहणी करून अहवाल द्यायला सांगितलं. त्या दिवशी शाळा बघण्यासारखी होती. सगळी मुलं पुढच्या इमारतीत, एकमेकांत मिसळलेली, सोनी तर पहिल्याच बाकावर. विभागाच्या साहेबांनी दोन वर्ग पाहिले, समाधानाने मान हलवली आणि निघाले. दारात लक्षीबाई उभ्या. त्या सगळ्यांनाच अरेतुरे करत.

"साहेब, तू सुट्टी सरंपावत थांब."

मुख्याध्यापक म्हणाले, "साहेबांना पुढे मीटिंग आहे."

"मंग मीटिंगवाल्यांना सांग, लक्षीनं बसवलाय."

साहेब हसले आणि बसले. घंटा झाली, मुलं खिचडी खायला गेली, हात धुऊन खेळली... आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली तशी पळत सुटली. पुढची पुढच्या इमारतीत, पाड्यावरची सरळ मागच्या पत्र्याच्या खोलीत. सोनीसुद्धा. कुणी ढकललं नव्हतं की हाक मारली नव्हती, पायांना सवय होती तिकडे गेली. सर मागून ओरडत राहिले, "अरे इकडे, इकडे या." साहेबांनी खिशातलं पेन काढलं. परतताना मी लक्षीबाईंना विचारलं, असं होईल हे तुम्हाला कसं कळलं? "मला कुटं ठावं होता? पन एका सकालीत पोरांना खोटा वागाय कोन शिकवल?" त्या अहवालावर अंतरिम आदेश मिळाला. अंतिम निकाल लागेपर्यंत सगळी मुलं एकत्र बसणार.

कावीळ लक्षीबाईंनी अंगावर काढली आणि दवाखान्यात पोचेस्तोवर उशीर झाला. संस्थेचा तो माणूस अंगणात पाहिल्यापासून माझ्या मनात नको नको ते येत होतं. दवाखान्याचे कागद मी दोन वेगळ्या डॉक्टरांना दाखवले, एकाला दुसऱ्याबद्दल न सांगता. दोघांचं जुळलं, कावीळच. तरी ते कागद फाइलला लावून ठेवलेत.

अडचण अशी की याचिकेत लक्षीबाई एकट्याच होत्या. त्यांच्या जागी कुणी पालक उभा राहिला नाही तर याचिका संपेल, तिच्याबरोबर आदेशही. मागची पत्र्याची खोली शाळेने अजून पाडलेली नाही. परवा तिथून गेले, तर तिला नवा रंग दिलेला. त्या रविवारी अंगणातच बारकूला विचारलं, तो म्हणाला, "भात कापला का आमी इटांच्या भट्टीवर जानार. तारखंला कोन येल?" जेठीचा मुलगा त्याच शाळेत आहे, तिला विचारलं.

"नाव दिला नि पोराला त्रास दिला त?"

"तसं होऊ देणार नाही आम्ही."

"तुजा नातू हाय ना? घाल त्याला आमच्या शालंत. नि लाव तुमचा नाव."

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत हसू राहिलं नाही. शाळा आमच्या बोईसरच्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे. नातू सध्या इंग्रजी शाळेत पहिलीत. वकीलसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, चालेल की, मुलाच्या आईची सही आणा.

रोज रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी करते. गेले काही आठवडे तिच्यात पहिलं काम एकच आहे: सुनेशी बोलणे. खालची सगळी कामं होतात. हे आजही उद्यावर गेलं.