शून्यानंतरचं टिंब

छत्तीस वर्षं एकाच डॉक्टरांकडे काढल्यावर कंपाउंडरला त्यांचं अक्षर जवळजवळ न बघताच कळायचं. डॉक्टरांनी लिहिलेल्या किराण्याच्या यादीतलं अक्षर त्यांच्या बायकोला लागलं नाही, की यादीही त्याच्याकडेच यायची. डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं. दोन वर्षं हा घरात पायात पायात येतो म्हटल्यावर बायकोनेच त्याला चौकातल्या औषधांच्या दुकानात दुपारच्या चार तासांसाठी चिकटवून दिलं. म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे गोळ्या मोजा, मला इथे सुखाने पडू दे."

एकोणिसाव्या दिवशी समोरचा इस्त्रीवाला काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला, "काका, तुमच्या हाताला गुण आहे बघा. आई दिवसभर ओरडायची, आता शब्द नाही. परवापासून झोपूनच आहे."

"परवापासून? जेवली का?"

"जागीच होत नाही, तर जेवणार कशी?"

"चिठ्ठी दाखव."

घडी घातलेली चिठ्ठी त्याच्या खिशातच होती. कंपाउंडरने औषधांची मुदत वाचायचं भिंग घेतलं. पाचाआधीचं शून्य त्याला तेव्हाही दिसलं होतं. काही डॉक्टर उगीच शून्य काढतात, असं स्वतःला सांगून त्याने गोळ्या दिल्या होत्या. शून्यानंतरचं टिंब आत्ता दिसलं.

"आईला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये ने. मी तिला दहापट गोळी दिलीय."

काका थट्टा करताहेत असं वाटून इस्त्रीवाला हसला. मग चिठ्ठी तिथेच टाकून पळाला.

मालकाने आतून सगळं ऐकलं होतं. त्याचाही चेहरा उतरला होता, कारण प्रत्येक पाकीट तपासायचं काम त्याचं होतं. त्याने कोरा कागद पुढे केला. "काका, राजीनामा लिहा. वैयक्तिक कारणास्तव, एवढंच. तुमचीही अब्रू राहील."

कंपाउंडरने उभ्या उभ्याच लिहिलं: 'नजर अधू झाल्याने माझ्या हातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या जागी पाच मिलिग्रॅमची गोळी गेली. रोज दोन, सहा दिवस. आजपासून काम सोडतो. मी दिलेली सगळी औषधं तपासावीत.'

मालकाने वाचलं. "हे हात दाखवून अवलक्षण झालं."

"एकोणीस दिवसांत आणखी कोणाला काय दिलं, मला माहीत नाही. वैयक्तिक म्हटलं तर शोधणार कोण?"

मालकाने कागद खिशात घातला. मग कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची यादी उघडून त्याने पहिला फोन लावला.

कंपाउंडर चिठ्ठी आणि दुकानातलं त्याच गोळ्यांचं एक रिकामं पाकीट घेऊन हॉस्पिटलात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"औषध मी दिलं."

त्यांनी नाव, मात्रा, दिवस विचारले. त्याने एकेक नीट सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "श्वास चालू आहे. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही."

बाहेर बाकावर इस्त्रीवाला एकटाच बसला होता. शेजारी दोन माणसांची जागा होती.

"बसू का?"

इस्त्रीवाल्याने मान वर केली नाही. कंपाउंडर भिंतीशी उभा राहिला.