गोजराबाईचं नाव लागलं

मखमलाबादच्या गोजराबाईला कुणी गंडवलं, असं गणेशवाडीच्या फूलबाजारात सांगितलं असतं तर लोक हसले असते. दुसऱ्याचा झेंडू विकायला घेताना बाई पाटीत कोपरापर्यंत हात घालून तळाची फुलं वर काढायची. वर टपोरी, खाली सडकी, ही चलाखी तिच्यापुढे चाळीस वर्षांत कुणाची चालली नाही.

पण एवढं राबून बाईच्या नावावर काय, तर रेशनकार्ड. मळा आधी सासऱ्याचा, मग नवऱ्याचा, आणि भिमाजी गेल्यावर तिनं स्वतःच हक्कसोड करून तो पोरांच्या नावावर केला. म्हणून पोरांनी कबूल केलं होतं, मळ्यातलं नवं घर आईच्या नावावर लागेल. बाईचा जीव त्या घरात अडकला होता.

बांधायला दोघे तयार होते. एक रावजी गवंडी, भिमाजीचा सोबती. निम्म्या गल्लीची घरं त्याच्या हातची, एकही स्लॅब गळत नाही. दुसरा महेशशेठ, पांढऱ्या गाडीतला, बंगल्यांची रंगीत चित्रं घेऊन आलेला. सून साधना अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात काम करते. तिनं दोघांनाही जीएसटी नंबर विचारला.

"मला नाय, वहिनी," रावजी गोजराबाईकडं बघून म्हणाला. "माझं काम तेवढं मोठं नाय, मला लागत बी नाय. पण घराला काय झालं तर मी गावातच सापडंन."

महेशशेठ म्हणाला, अर्ज केलाय, येईलच. बाईनं बजावलं, आधी नंबर आण, मग कुदळ. नंबर म्हणजे सरकारच जामीन राहिलं, अशी तिची समजूत. साधनानं सांगून पाहिलं की नंबरामुळं बिल पक्कं मिळतं, भिंत पक्की होईलच असं नाही. पण ते ऐकतो कोण! रावजीला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी साधना कामावर असताना महेशशेठचा माणूस आला. नकाशाच्या मंजुरीसाठी म्हणून आधार कार्ड, लाइटबिल, फोटो घेऊन गेला, आणि बाईच्या फोनवर आलेले आकडेही तिनंच त्याला वाचून दाखवले. पंधरा दिवसांत शेठ नंबर छापलेला कागद घेऊन हजर. बाईनं त्या कागदाला हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला.

भूमिपूजनाच्या आदल्या दुपारी साधनानं तो नंबर सहज फोनवर जीएसटीच्या साइटवर टाकून पाहिला आणि तशीच सासूकडं धावली.

"आई, तुमचं आधार कुणाला दिलं होतं?"

फर्मचं नाव महेशशेठनं सांगितलं तेच होतं. पत्ता मात्र मळ्यातल्या फुलांच्या शेडचा. मालक, गोजराबाई भिमाजी विधाते. साधनानं समजावून सांगितलं, आता तो या नंबरावर कुणालाही खोटी बिलं फाडून देईल आणि नोटीस येईल ती तुमच्या दारात.  

साधनानं शेठला फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला. गडी जराही गडबडला नाही.

"नंबर आजींनाच पाहिजे होता ना?" तो म्हणाला. "आणून दिला की." आणि फोन बंद.

 आपण तळाशी हात घातलाच नाही, वरची फुलं बघून भुललो, हे बाईला कळून चुकलं होतं. मग म्हणाली, "मालक म्हणून काय लिवलंय, परत वाच."

साधनानं वाचलं. बासष्ट वर्षांत कुठल्याही कागदावर मालक या शब्दापुढं ते नाव आलं नव्हतं. आणि ते ऐकताना क्षणभर बरं वाटलं, याची लाज वाटून बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं देव्हाऱ्यातला कागद काढला, हळदकुंकू पदरानं पुसलं आणि चपला घातल्या.

"चल पोलीस ठाण्यात," ती म्हणाली. "माझं नाव काढायचंय."